ब्लेरियोचे इंजिन

आठवीत विज्ञानाच्या सरांनी लुई ब्लेरियोची गोष्ट सांगितली. तेव्हा मला फक्त तारीख पाठ झाली. माणूस कळला तो पुढे, मायक्रोलाइट विमान शिकताना.

ब्लेरियो १८७२ साली फ्रान्समधील कांब्रे इथे जन्मला. मोटारींचे ॲसिटिलीन दिवे विकून मिळवलेला पैसा त्याने विमानांत घातला. एकामागून एक विमाने मोडली. तो पुन्हा नवे बांधत राहिला. १९ जुलै १९०९ रोजी ह्यूबर्ट लॅथम इंजिन बंद पडून इंग्लिश खाडीत उतरला. सहाच दिवसांनी, पाय भाजलेला असूनही, ब्लेरियो २५ अश्वशक्तीच्या इंजिनावर कॅलेजवळून निघाला. वाटेत इंजिन तापले. पावसाच्या सरीने ते निवले, असे सांगतात. सुमारे ३७ मिनिटांत त्याने डोव्हर गाठले. उतरताना चाके आणि पंखा मोडला, तो मात्र बचावला. १९३६ साली तो पॅरिसमध्ये वारला.

माझ्या शिकाऊ उड्डाणात इंजिन बंद पडले, तेव्हा पाऊस नव्हता. प्रशिक्षकांनी लगेच विमानाचे नाक खाली घेतले. वेग टिकला तरच पंख भार तोलतात. मागे न वळता आम्ही समोरच्या शेतात उतरलो.

सर, ब्लेरियोचे धाडस तुम्ही शिकवलेत. सरीची वाट पाहायची नसते, हे त्या शेतात कळले.