सर्फ रॉकच्या नादाचे शिल्पकार लिओ फेंडर

विनाइल तबकड्यांवर पुन्हा प्रकाशित होणाऱ्या सर्फ रॉक संगीताच्या गिटारचा घुमारा ज्यांच्या यंत्रांनी घडवला, त्या लिओ फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.

१० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात जन्मलेल्या फेंडर यांचा एक डोळा बालपणीच गेला. मंदीच्या काळात हिशेबनिसाची नोकरी सुटल्यावर त्यांनी १९३८ मध्ये फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. तेथे येणाऱ्या वादकांच्या तक्रारी हीच त्यांची शाळा ठरली. पुढे त्यांच्या कारखान्यात टेलिकास्टर आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर ही भरीव अंगाची विद्युत गिटार तयार झाली.

डिक डेल यांच्या जोरकस वादनापुढे अँप्लिफायर व स्पीकर टिकत नसत. फेंडर यांनी वादकाला आवर न घालता सहकारी फ्रेडी टवारेस यांच्यासह अधिक शक्तिशाली अँप्लिफायर घडवला. १९६१ मध्ये त्यांच्या कंपनीने स्प्रिंगवर चालणारे रिव्हर्ब यंत्र आणले. त्याचा ओलसर प्रतिध्वनी पुढे सर्फ संगीताची ओळख बनला.

प्रकृती ढासळल्याने १९६५ मध्ये त्यांनी आपली कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना सीबीएसला विकली. नंतर ते बरे झाले. मात्र आपल्याच नावावरील हक्क हातून गेला होता. त्यांनी ‘जी अँड एल’ या नव्या कंपनीत गिटारनिर्मिती सुरू ठेवली. पार्किन्सनच्या विकारातही त्यांचे काम थांबले नाही. २१ मार्च १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.