डिस्क ब्रेकचा बाप : फ्रेडरिक लँचेस्टर

होस्टेलवर गाड्यांच्या गप्पा निघाल्या की त्या इंजिनापासून सुरू होतात आणि इंजिनावरच संपतात. किती सीसी, किती बीएचपी, शून्य ते शंभर किती सेकंदांत... शंभर ते शून्य किती मीटरमध्ये, हे मात्र कुणी विचारत नाही. ज्याच्याकडे खरंच एखादी दमदार सेदान असते, त्याला हा प्रश्न पहिला मोठा घाट उतरताना पडतो. मग त्याची शोधाशोध सुरू होते : मोठी डिस्क टाकू का, भारी पॅड टाकू का, की दोन्ही?

मित्रांनो, ही डिस्क, तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे पॅड आणि पॅड दाबणारा जबडा, ही सगळी कल्पना इंग्लंडमधल्या एका इंजिनिअरने १९०२ मध्ये पेटंटच्या कागदावर उतरवली होती. त्याचं नाव फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर. आपल्याला तो व्हायब्रेशनच्या पुस्तकात 'लँचेस्टर डँपर' म्हणून भेटतो, आपण आकृती काढतो आणि पान उलटतो. मला मात्र हा माणूस ब्रेकमुळे आवडला. त्याची डिस्क बरोबर होती, पण तिला शोभेल असा पॅड तेव्हा जगात नव्हता. ही जोडी जमायला पन्नास वर्षं लागली आणि तोपर्यंत लँचेस्टर गेलेला होता.

त्याचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ चा, लंडनजवळच्या लुइशमचा. वडील आर्किटेक्ट, घरात आठ भावंडं, हा चौथा. तो वर्षाचा असतानाच घर ब्रायटनला हललं. पुढे साउदॅम्प्टनच्या हार्टली इन्स्टिट्यूशनमध्ये आणि मग स्कॉलरशिपवर लंडनच्या केन्सिंग्टनमधल्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये तो शिकला. संध्याकाळी फिन्सबरी टेक्निकल कॉलेजात वर्कशॉपचे वर्गही केले. एवढं करून पदवी काही घेतली नाही! (हे वाक्य घरी दाखवू नये.) पहिली नोकरी पेटंटची ड्रॉइंग्ज काढायची, पगार आठवड्याला तीन पौंड. मला वाटतं, पुढे त्याने शेकड्याने पेटंट घेतली त्याचं मूळ इथंच असावं. कल्पना नुसती डोक्यात असून चालत नाही, ती रेषेत उतरवावी लागते, हे त्याला तिथे कळलं असणार.

१८८९ मध्ये तो बर्मिंगहॅमच्या एका गॅस इंजिन कारखान्यात लागला आणि थोड्याच काळात वर्क्स मॅनेजर झाला. गॅस इंजिनाचा गव्हर्नर आणि स्टार्टर अशा वस्तूंची पेटंटं घेऊन त्याने चार पैसेही जोडले. मग डोक्यात शिरली मोटारगाडी.

तेव्हा इंग्लंडमध्ये मोटार चालवणं म्हणजे जवळजवळ गुन्हाच होता. १८९६ च्या नोव्हेंबरपर्यंत कायद्याने वेगमर्यादा ताशी चार मैल, गावात दोन, आणि गाडीपुढे एक माणूस चालत पाठवायचा! अशा काळात, १८९६ च्या सुरुवातीला, लँचेस्टरची पहिली गाडी रस्त्यावर आली. एक सिलिंडर, पाच हॉर्सपॉवर. तो काळ घोडागाडीला इंजिन जोडून तिला मोटार म्हणण्याचा. लँचेस्टरने मात्र गाडीचा पहिल्यापासून गाडी म्हणूनच विचार केला. पुढच्या इंजिनात त्याने एकमेकांविरुद्ध फिरणाऱ्या दोन क्रँकशाफ्ट बसवल्या आणि हादरे हादऱ्यांनीच मारले. डिसेंबर १८९९ मध्ये कंपनी उभी राहिली. भाऊ जॉर्ज सोबतीला होताच. कारखान्यात गेज आणि जिग वापरून एका गाडीचा पार्ट दुसऱ्या गाडीला बसलाच पाहिजे, असा त्याचा दंडक. आपण वर्कशॉपच्या जॉबला फाइल मारमारून जे 'फिट' करतो, ते त्याला चाललं नसतं.

मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मलेला लेखक रुडयार्ड किपलिंग हा त्याच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपैकी एक. पुढे नवानगरचे जामसाहेब, म्हणजे आपले क्रिकेटवाले रणजी, यांनीही लँचेस्टर गाड्या घेतल्या.

आता ब्रेककडे येऊ. त्या काळचे ब्रेक म्हणजे बैलगाडीच्या खरडीचेच चुलतभाऊ. चाकाच्या धावेवर लाकडाचा किंवा चामड्याचा ठोकळा दाबायचा. हवा भरलेले टायर आल्यावर तेही संपलं, कारण ठोकळा टायरच खाऊन टाकणार. दुसरा प्रकार पट्ट्याचा : ड्रमला बाहेरून पट्टा गुंडाळायचा आणि आवळायचा. पण चाक उलटं फिरायला लागलं की हा पट्टा आवळण्याऐवजी सुटायला बघतो. चढावर गाडी मागे घसरली की ड्रायव्हरचं दैव.

लँचेस्टरने यावर जे सुचवलं ते किती सरळ आहे बघा. मागच्या चाकाला पत्र्याची एक चकती घट्ट जोडायची आणि तिची कड दोन्ही बाजूंनी जबड्यात पकडायची. बस्स. चकती सुलटी फिरो की उलटी, पकड सारखीच. चकती उघडी असल्यामुळे वारा लागून थंडही होते. सायकलचा रिम ब्रेक ज्याने दाबला आहे त्याला हे समजवायची गरज नाही.

मग हे चाललं का नाही? इथेच खरी मेख आहे. जबड्याला आतून लावायला घर्षणाचा चांगला माल नव्हता, म्हणून तांबं वापरलं गेलं. धातूवर धातू! ब्रेक दाबला की कानठळ्या बसवणारी किंकाळी. रस्ते धुळीचे, चकती उघडी, त्यामुळे झीजही भरपूर. आणखी एक अडचण होती. ड्रम ब्रेकमध्ये एक शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःच जास्त घट्ट बसतो, म्हणजे ड्रम ड्रायव्हरला फुकट मदत करतो. डिस्कमध्ये ही मदत नाही, सगळा जोर पायाने लावायचा. तेव्हा गाड्यांना ना हायड्रॉलिक ब्रेक होते, ना व्हॅक्यूम बूस्टर. होत्या त्या नुसत्या सळया आणि तारा. योगायोग असा की ड्रम ब्रेक लुई रेनॉने त्याच साली, म्हणजे १९०२ मध्येच बनवला. जग ड्रमच्या मागे गेलं.

पॅडचा प्रश्न सोडवायला घेतला तो दुसऱ्याच माणसाने. डर्बीशायरच्या डोंगराळ भागात राहणारा हर्बर्ट फ्रूड उतारावरच्या घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी १८९७ पासून वेगवेगळे माल करून बघत होता. १९०८ च्या सुमारास त्याने ॲस्बेस्टॉसचं लायनिंग आणलं. उष्णता सोसणारं, कमी आवाजाचं, टिकाऊ. आडनावात बायको एलिझाबेथच्या नावातलं 'ई' घालून आणि अक्षरं फिरवून त्याने कंपनीचं नाव केलं फेरोडो. पण ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात जाऊन माणसं मारते, हे पुढे उघड झालं आणि १९९९ मध्ये ब्रिटनने ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. आजच्या गाड्यांचे पॅड धातूची पूड, तंतू, ग्राफाइट वगैरे रेझिनमध्ये दाबून बनवलेले असतात.

फ्रूडचा माल आला तरी जगाला डिस्कची निकड नव्हती. का? जरा गणित करू. १९०३ च्या कायद्याने इंग्लंडमधली मर्यादा ताशी २० मैल, म्हणजे ३२ किमी झाली. एक टनाची गाडी या वेगावरून थांबवायची तर ब्रेकला साधारण ४० किलोज्यूल उष्णता पचवायची. आजची १५०० किलोची सेदान १०० किमीवरून थांबवा, आकडा जातो ५८० किलोज्यूलच्या आसपास. एवढ्या उष्णतेत जवळजवळ १.८ लिटर पाण्याला उकळी फुटेल, म्हणजे मेसचा डझनभर कप चहा! आणि ही सगळी उष्णता तीन-चार सेकंदांत चार चाकांत कोंबायची. वेग दुप्पट केला तर चौपट. ड्रमला ही उष्णता झेपत नाही. तो तापून फुगतो, शूपासून लांब जातो आणि पेडल खाली खाली जायला लागतं. डिस्क तापली तर तिची जाडी पॅडच्याच दिशेने किंचित वाढते, आणि वाऱ्यात ती लवकर निवते. पण हा फरक दिसायला आधी गाड्या वेगवान व्हायला हव्या होत्या.

तो दिवस उजाडला १९५३ मध्ये. फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप पहिली आली. त्या शर्यतीत ताशी १०० मैलांच्या वर सरासरी पहिल्यांदाच गेली. दुसरे लोक वळणाच्या बरंच आधी ब्रेक दाबत होते, जॅग्वारवाले उशिरा दाबत होते, तेही तासन् तास. १९५५ च्या सित्रोएन डीएसला पुढच्या चाकांसाठी डिस्क आल्या आणि मग त्या घरगुती गाड्यांतही पसरल्या.

लँचेस्टर तेव्हा कुठे होता? ८ मार्च १९४६ लाच तो वारला होता. पेटंटची मुदत तेव्हा १४ वर्षांची, ती तर कधीच सरली होती. डिस्कमधून त्याला मिळालं काहीच नाही.

आणि हे एकदाच घडलं असं नाही. १८९७ मध्ये त्याने पंखाला उचल कशी मिळते यावर निबंध लिहिला, तो लंडनच्या विद्वान संस्थांनी परत पाठवला. विमान उडायला अजून सहा वर्षं होती! १९०७ आणि १९०८ मध्ये त्याने त्यावर दोन जाडजूड ग्रंथ छापले. त्यातला विचार जर्मनीच्या प्रांट्लने स्वतंत्रपणे गणितात बसवला आणि आपण आज तो एरोडायनॅमिक्समध्ये शिकतो. १९०४ मध्ये मागणी असूनही भांडवलाअभावी त्याची कंपनी बुडाली. ती नव्याने उभी राहिली, पण त्याचा शब्द पूर्वीसारखा चालेना. १९०९ पासून वीसेक वर्षं तो डेमलर कंपनीचा सल्लागार होता. १९२२ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला. मान आला, पैसा आला नाही. लग्न पन्नाशीत केलं, मूलबाळ नव्हतं. शेवटची वर्षं पार्किन्सनचा आजार, अधू होत गेलेली नजर आणि तंगी यांत गेली. राहतं घर टिकवायला मोटार धंद्यातल्या लोकांना मदत करावी लागली. १९४५ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेने जेम्स वॅट पदक दिलं, ते मरणाच्या आदल्या वर्षी. त्याच्या नावाची गाडी तर १९५६ च्या सुमारास बंदच झाली. कॉव्हेंट्रीच्या विद्यापीठाच्या लायब्ररीला मात्र त्याचं नाव आहे.

आता सुरुवातीच्या सेदानवाल्या मित्राचा प्रश्न. लँचेस्टरची गोष्ट वाचून मला जे समजलं ते सांगतो. डिस्क आणि पॅड ही जोडी आहे, एकाला घेऊन दुसऱ्याला विसरलात की फसलात. मोठी डिस्क उष्णता जास्त साठवते आणि चाकाला धरायला लांब हात देते. पण तिच्यावर साधा पॅड लावला, तर तापल्यावर आधी पॅडच दम तोडेल. उलट, शर्यतीचा पॅड रोजच्या गाडीला लावला, तर तो थंड असताना नीट धरत नाही, किंचाळतो आणि डिस्क खातो. म्हणजे १९०२ चं तांबंच परत आलं म्हणा! जुनी, चर पडलेली डिस्क ठेवून नुसते नवे पॅड टाकणंही तसंच. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, तो आधी मोजून बघा. बदलायचं ते एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना सारखंच. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात ओलावा शिरून ते लवकर उकळतं, ते पहिलं बदला. नवे पॅड लावल्यावर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा हळूहळू ब्रेक मारा, म्हणजे पॅडचा थर डिस्कवर सारखा बसेल. आणि शेवटी गाडी थांबवतो टायर. तोच गुळगुळीत असेल तर लाखाची डिस्क काय कामाची?

लँचेस्टर हरला असं काही लोक म्हणतील. मला तसं वाटत नाही. त्याचं उत्तर बरोबर होतं, फक्त उत्तराचा अर्धा भाग दुसऱ्या कुणाच्या हातात होता. धातूशास्त्रवाल्यांना, केमिकलवाल्यांना 'तुमचं ब्रँच काय कामाचं' म्हणून चिडवणाऱ्या माझ्या मेकॅनिकलच्या बंधूंनी हे जरा ध्यानात ठेवावं. गाडी पळवायला एक इंजिन पुरतं. थांबवायला मात्र सगळ्यांची जुळणी लागते.