विल्यम मिलर : कयामतीचे वर्ष मांडणारा शेतकरी

कयामत येणार यावर आपली श्रद्धा आहे, तशी ख्रिस्ती समाजाचीही आहे. हजरत ईसा (अ.) पुन्हा पृथ्वीवर येतील, ही प्रतीक्षाही दोन्ही समाज करतात, ते कोण आहेत आणि येऊन काय करतील, याविषयीच्या धारणा मात्र मुळातूनच भिन्न आहेत. ती घटिका कधी येणार, हे दार कुरआनने बंद ठेवले आहे. सूरह आराफ आणि सूरह लुकमान यांत तिचे ज्ञान केवळ अल्लाहजवळ असल्याचे स्पष्ट केले आहे. हजरत जिब्रील (अ.) मनुष्यरूपात येऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांना प्रश्न विचारून गेले, ती हदीस आपल्या बहुतेक घरांत ठाऊक असते. त्यातही या एका प्रश्नावर प्रेषितांनी (स.) आपल्याला विचारणाऱ्याहून अधिक ज्ञान नसल्याचे सांगितले आणि फक्त काही निशाण्या सांगितल्या. ख्रिस्ती समाजाच्या हाती असलेल्या मार्कच्या शुभवर्तमानातही त्या दिवसाविषयी जवळजवळ हेच आले आहे : तो दिवस कोणासही ठाऊक नाही, ईसांनाही (अ.) नाही. इतके असूनही एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील एका शेतकऱ्याने बायबलातील आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून ते वर्ष काढले आणि हजारो माणसांनी त्यावर आपले संसार पणाला लावले. त्या शेतकऱ्याचे नाव विल्यम मिलर. तो लबाड नव्हता, लोभीही नव्हता. म्हणूनच त्याचे चरित्र वाचण्याजोगे आहे.

मिलर यांचा जन्म १५ फेब्रुवारी १७८२ रोजी मॅसॅच्युसेट्स प्रांतातील पिट्सफील्ड येथे झाला. सोळा भावंडांत ते थोरले. वडील अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले, आई बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाची कन्या. मिलर चार वर्षांचे असताना कुटुंब न्यूयॉर्क प्रांतातील लो हॅम्प्टन या खेड्यात आले. शाळा नावापुरतीच, पण वाचनाची ओढ इतकी की, घरचे निजल्यावर हा मुलगा चुलीत पाइनच्या लाकडाच्या ढलप्या पेटवून त्यांच्या उजेडात पुस्तके वाचत असे. १८०३ साली ल्यूसी स्मिथ यांच्याशी विवाह झाल्यावर ते व्हर्माँट प्रांतातील पुल्टनी गावी राहू लागले. तेथे चांगले ग्रंथालय होते आणि ग्रंथालयाभोवती जमणारी सुशिक्षित मित्रमंडळीही. त्या मंडळींच्या सहवासात त्यांची श्रद्धा ढळली. ईश्वराने जग निर्माण केले, पण त्यानंतर तो त्यात लक्ष घालत नाही, वह्य (ईशसंदेश) वगैरे काही नसते, असे मानणारा तो डीइझम नावाचा विचार. उपदेशक आजोबांच्या प्रवचनांची नक्कल करून मिलर मित्रांना हसवू लागले. नातवाचे हे खेळ आईच्या कानी जात आणि ती कष्टी होत असे.

पुढे १८१२ चे इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटले. मिलर सैन्यात कप्तान झाले. ११ सप्टेंबर १८१४ रोजी प्लॅट्सबर्गच्या लढाईत त्यांच्यापासून दोन फुटांवर तोफगोळा फुटला. आजूबाजूची माणसे घायाळ झाली, एक मारला गेला, मिलर यांना ओरखडाही उमटला नाही. इंग्रजांचे सैन्य कितीतरी मोठे असूनही त्या दिवशी अमेरिकनांचा जय झाला. जगाच्या कारभारात ईश्वर लक्ष घालत नसेल तर हे कसे घडले, हा प्रश्न घेऊनच ते घरी परतले. १८१६ साली आईच्या चर्चमध्ये उपदेशक नसताना छापील प्रवचन वाचून दाखवण्याचे काम त्यांच्याकडे आले. वाचता वाचता त्यांचा कंठ दाटून आला, वाचन तेथेच थांबले. येथून त्यांच्या जीवनाने वळण घेतले. अविश्वासातून श्रद्धेकडे आलेल्या माणसाच्या मनाची ती ओल खरी होती, याविषयी मला शंका नाही.

जुन्या मित्रांनी मग त्यांना टोचले : बायबल परस्परविरोधी विधानांनी भरलेले आहे, ते खरे कसे? मिलर यांनी उत्तर शोधायचे ठरवले. सर्व भाष्ये बाजूला सारून त्यांनी फक्त बायबल आणि क्रुडेन यांची शब्दसूची, म्हणजे कोणता शब्द कोठे कोठे आला आहे हे दाखवणारा कोश, एवढेच समोर घेतले. उत्पत्तीच्या पुस्तकापासून एकेक ओळ वाचत, एक ओळ उमगल्याशिवाय पुढे न जाण्याचा नेम करून त्यांनी दोन वर्षे अभ्यास केला. चिकाटी थोर होती. पण त्यांना हिब्रू येत नव्हती, ग्रीक येत नव्हती आणि शंका विचारायला उस्ताद नव्हता. मदरशात वर्षानुवर्षे एकेका शब्दासाठी उस्तादासमोर गुडघे टेकून बसलेल्याला हे वाचताना काळजात कसेसेच होते. नुसता शब्दकोश हाती असला की प्रत्येक शब्द आपल्याशीच बोलतो आहे असे वाटू लागते.

दानियल यांच्या पुस्तकातील आठव्या अध्यायात ते अडकले. पवित्रस्थान २३०० संध्याकाळ-सकाळींनंतर शुद्ध होईल, अशा अर्थाचे वचन तेथे आहे. बायबलात अन्यत्र दोन ठिकाणी एक दिवस एका वर्षाच्या बदल्यात मोजला गेला आहे. त्यावरून भविष्यवाणीतील दिवस म्हणजे वर्ष, हा नियम अनेक प्रोटेस्टंट भाष्यकार आधीपासून मानत आले होते. मिलर यांनी तो घेतला. २३०० दिवसांची २३०० वर्षे झाली. आरंभ कोठून धरायचा? इराणचा बादशहा अर्तहशश्त याने एज्रा यांना जेरुसलेमला जाण्याची आज्ञा दिली, ते इसवी सनापूर्वी ४५७ हे वर्ष त्यांनी धरले. २३०० मधून ४५७ वजा केले की उरतात १८४३. पवित्रस्थान म्हणजे ही पृथ्वी, तिची शुद्धी म्हणजे हजरत ईसांच्या (अ.) आगमनसमयीचा अग्नी, असा अर्थ त्यांनी लावला. दुसऱ्या एका वचनातून त्यांनी २५२० वर्षे काढली. ती इसवी सनापूर्वी ६७७ पासून मोजली तरी उत्तर १८४३ च आले. निरनिराळ्या वाटा एकाच दाराशी येतात हे पाहून त्यांची खात्री पटली.

वाटा एकाच दाराशी आल्या, कारण निघण्याचे ठिकाण प्रत्येक वेळी निवडता येत होते. शिवाय मूळ हिब्रूत दिवस हा नेहमीचा शब्द तेथे नाहीच, संध्याकाळ आणि सकाळ असे दोन शब्द आहेत. मंदिरात रोज सकाळी आणि संध्याकाळी होणारे बली असा त्यांचा अर्थ घेऊन कित्येक अभ्यासक ११५० दिवसच मोजतात. आणि हा सारा प्रसंग, अँटायोकस या ग्रीक राजाने इसवी सनापूर्वी १६७ साली जेरुसलेमचे मंदिर विटाळले आणि तीन वर्षांनी ते पुन्हा शुद्ध झाले त्याविषयीचा आहे, असे बहुतेक विद्वान मानतात. त्याचा १८४३ शी काही संबंध उरत नाही.

हा निष्कर्ष मिलर यांनी १८१८ साली काढला, पण लगेच डांगोरा पिटला नाही. स्वतःच्याच मतावरचे आक्षेप शोधण्यात आणखी पाच वर्षे घालवली. त्यानंतरही शेती, गावची कामे, संसार चालूच होता. मनाला मात्र टोचणी होती की, जग बुडणार हे ठाऊक असून आपण गप्प कसे? ऑगस्ट १८३१ मध्ये त्यांनी प्रार्थनेत वचन दिले की, कोणी बोलावले तर जाईन. कोणी बोलावणार नाही, याची त्यांना जवळजवळ खात्री होती. अर्ध्या तासात शेजारच्या ड्रेस्डेन गावाहून भाचा निरोप घेऊन आला : रविवारी उपदेशक नाही, आपण येऊन बोलावे. मिलर संतापून घराबाहेर पडले, झाडीत जाऊन बराच वेळ स्वतःशी झगडले आणि अखेर भाच्याबरोबर निघाले. त्या वेळी ते एकोणपन्नास वर्षांचे होते.

खेड्यांतून सुरू झालेले हे काम शहरांत नेले जोशुआ हाइम्स या बॉस्टनच्या उपदेशकाने. १८३९ च्या अखेरीस दोघांची गाठ पडली आणि १८४० पासून वृत्तपत्रे, पुस्तिका, भिंतीवर टांगायचे आकड्यांचे तक्ते, हजारो माणसे मावतील असा तंबू यांचा धडाका सुरू झाला. नोव्हेंबर १८३३ मध्ये आकाशातून उल्कांचा वर्षाव झाला होता, १८४३ च्या आरंभी दिवसाढवळ्या दिसणारा धूमकेतू उगवला. लोकांनी दोन्ही निशाण्या मानल्या.

या चळवळीचा एक धागा थेट मुसलमानांशी जोडलेला आहे. मिलर यांचे सहकारी जोसाया लिच यांनी प्रकटीकरणाच्या नवव्या अध्यायातील टोळधाड आणि घोडेस्वार म्हणजे अरब आणि तुर्क, असा तेव्हा रूढ असलेला अर्थ घेऊन १८३८ मध्ये उस्मानी सल्तनतीच्या अंताचे भाकीत केले. २७ जुलै १२९९ पासून त्यांनी आधी १५० वर्षे मोजली, मग ३९१ वर्षे आणि १५ दिवस, आणि दिवस आला ११ ऑगस्ट १८४०. त्या उन्हाळ्यात मिसरचे मुहम्मद अली पाशा सुलतानाविरुद्ध उभे होते आणि सुलतान अब्दुल मजीद यांनी युरोपच्या चार सत्तांचे साहाय्य स्वीकारले होते. परकीयांचा आधार घेतला म्हणजे सत्ता संपलीच, असे म्हणून लिच यांच्या अनुयायांनी भाकीत खरे ठरल्याची घोषणा केली. संशयात असलेले कितीतरी लोक यानंतर मिलर यांच्याकडे वळले. सल्तनत संपुष्टात आली १९२२ मध्ये, म्हणजे त्यानंतर ब्याऐंशी वर्षांनी.

मिलर स्वतः सुमारे १८४३ एवढेच म्हणत. नेमका दिवस सांगण्यास ते कचरत, कारण शुभवर्तमानातील ते वचन त्यांनाही ठाऊक होते. दिवस कळणार नाही पण वर्ष कळेल, अशी त्यांनी त्यातून पळवाट काढली होती. अनुयायांचा रेटा वाढला तेव्हा त्यांनी २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ ही मुदत सांगितली. मुदत उलटली. मिलर यांनी कोणतीही सबब न देता आपली चूक आणि आपली निराशा लेखी मान्य केली. गोष्ट येथे संपायला हवी होती. पण ऑगस्ट १८४४ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील एक्सेटरच्या मेळाव्यात सॅम्युएल स्नो नावाच्या उपदेशकाने नवा हिशेब मांडला. इसवी सनात शून्य वर्ष नाही, म्हणून एक वर्ष वाढते. आणि ज्यूंच्या सातव्या महिन्याचा दहावा दिवस, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, कराई पंथाच्या पंचांगाप्रमाणे २२ ऑक्टोबर १८४४ रोजी येतो. महिना-दोन महिन्यांत ही तारीख वणव्यासारखी पसरली. मिलर यांनी ती मान्य केली ती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, सर्वांच्या शेवटी. ज्या माणसाच्या नावाने चळवळ ओळखली जात होती, त्याला चळवळीनेच ओढत नेले.

त्या शरद ऋतूत अनेकांनी बटाटे जमिनीतच राहू दिले, पिके कापली नाहीत. दुकाने बंद झाली, कर्जे फेडली गेली, जुने अपराध कबूल करून माणसे एकमेकांची क्षमा मागू लागली. या शेवटच्या गोष्टी चांगल्याच होत्या. उभे पीक सोडण्याविषयी मात्र आपल्या प्रेषितांची (स.) शिकवण नेमकी उलटी आहे : कयामत उभी ठाकली आणि तुमच्या हाती रोप असले, तर शक्य असल्यास ते लावून टाका, असा एका हदीसचा आशय आहे. न्यू हॅम्पशायरच्या त्या शेतांचे वर्णन वाचताना तीच हदीस आठवते.

२२ ऑक्टोबरची रात्र सरली, उजाडले, काहीच घडले नाही. पहाटेपर्यंत लोक रडत होते. दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावर पोरेसोरेही त्यांची टर उडवू लागली, काही ठिकाणी त्यांच्या सभागृहांवर हल्ले झाले. पांढरे झगे घालून ते टेकड्यांवर आणि छपरांवर बसले होते, अशी कहाणी आजही सांगितली जाते. इतिहासकारांना तिला विश्वसनीय आधार सापडलेला नाही. बातमीची शहानिशा करण्याचा सूरह हुजुरातमधील आदेश विरोधकांविषयीच्या बातमीलाही लागू आहे.

आणि हसण्याआधी आपल्या घरातही डोकवावे. हिजरी नवव्या शतकाच्या अखेरीस उम्मतचे आयुष्य हजार वर्षांहून अधिक नाही अशी चर्चा पसरली, तेव्हा तिचे खंडन करणाऱ्या इमाम जलालुद्दीन सुयूती (रह.) यांनीही, ती मुदत हजार ओलांडेल पण पंधराशेपलीकडे जाणार नाही, असा अंदाज त्याच पुस्तिकेत मांडला. नंतरच्या उलमांनी तो स्वीकारला नाही. एवढा मोठा विद्वान घसरू शकतो, तर मोबाईलवर येणाऱ्या महदींच्या आगमनाच्या तारखा पुढे धाडणाऱ्यांविषयी काय बोलावे! एका ग्रामीण अरबाने कयामत कधी, असे विचारले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यालाच विचारले होते की, तू तिच्यासाठी काय तयारी केली आहेस?

निराशेनंतर काही आठवड्यांनी मिलर यांनी हाइम्स यांना कळवले की, आता आपल्याजवळ कोणतीही तारीख उरलेली नाही, रोजचा दिवस तोच समजून वाट पाहू. १८४५ च्या आरंभी गावच्या चर्चने त्यांना काढून टाकले. त्याच वर्षी लिहिलेल्या पुस्तिकेत त्यांनी आपल्या साऱ्या प्रवासाची हकिकत दिली आणि हिशेब चुकल्याचे पुन्हा कबूल केले. तारीख बरोबर होती, फक्त घटना पृथ्वीवर न घडता स्वर्गात घडली, असा अर्थ काही अनुयायांनी काढला. त्यांतूनच १८६३ साली सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट हा पंथ संघटित झाला. पुण्यात औंध रस्त्यावर असलेली स्पायसर ही शिक्षणसंस्था याच पंथाची. हा पंथ आता तारखा सांगत नाही. मिलर यांनी तो नवा अर्थ कधीच स्वीकारला नाही.

१८४८ मध्ये त्यांनी आपल्या शेताजवळ एक लहानसे प्रार्थनागृह बांधले. त्याच सुमारास दृष्टी गेली आणि ज्याने चुलीच्या उजेडात वाचायला सुरुवात केली होती, त्याला दुसऱ्यांकडून वाचून घ्यावे लागले. २० डिसेंबर १८४९ रोजी लो हॅम्प्टन येथे त्यांचे निधन झाले. प्रार्थनागृह अजून उभे आहे, घरही जतन केलेले आहे. जवळच्या कबरस्तानात त्यांच्या दगडावर, अंत ठरलेल्या वेळीच येईल, अशा आशयाचे दानियल यांच्याच पुस्तकातील वचन कोरले आहे.