गॅरी गायगॅक्स

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स (२७ जुलै, १९३८ – ४ मार्च, २००८) हे अमेरिकन खेळरचनाकार व लेखक होते. डेव्ह आर्नेसन यांच्यासमवेत त्यांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्स (१९७४) हा भूमिकाभिनयाचा पहिला व्यावसायिक खेळ रचला. पात्राची पातळी वाढेल तसतसे त्याचे बळ किती वाढावे, या प्रश्नाचे त्यांनी कोष्टकरूपाने दिलेले उत्तर पुढील अनेक तत्सम खेळांचा आधार ठरले.

प्रारंभिक जीवन

गायगॅक्स यांचा जन्म शिकागो येथे झाला. वडील स्वित्झर्लंडहून आलेले व्हायोलिनवादक होते. गॅरी आठ वर्षांचे असताना कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावी स्थायिक झाले. शालेय शिक्षण अपुरे सोडून त्यांनी पुढे विमा कंपनीत नोकरी केली. १९७० मध्ये ती सुटल्यावर जोडे दुरुस्तीच्या कामावर त्यांनी संसार चालवला. सैन्यांच्या प्रतिकृती मांडून खेळावयाच्या युद्धखेळांचा त्यांना लहानपणापासून छंद होता. १९६८ मध्ये त्यांनी लेक जिनिव्हा येथे जेन कॉन हे खेळाडूंचे संमेलन भरवले.

खेळाची निर्मिती

१९७१ मध्ये जेफ पेरन यांच्यासह त्यांनी चेनमेल ही मध्ययुगीन लढायांची नियमावली प्रसिद्ध केली. तिच्या काल्पनिक विभागात ‘वीर’ हा चार सैनिकांच्या, तर ‘महावीर’ आठ सैनिकांच्या तोडीचा मानला होता. मिनेसोटातील आर्नेसन यांनी ब्लॅकमूर या आपल्या खेळात प्रत्येक खेळाडूस एकच पात्र दिले व ते खेळागणिक अनुभवाने वाढू दिले. या दोन धाग्यांतून नवा खेळ आकारास आला. त्यात योद्ध्याच्या चौथ्या पातळीस वीर व आठव्या पातळीस महावीर हीच नावे राहिली. १९७३ मध्ये गायगॅक्स यांनी मित्र डॉन के यांच्यासह टॅक्टिकल स्टडीज रूल्स ही संस्था काढली. जानेवारी १९७४ मध्ये खेळाच्या १,००० प्रती छापण्यात आल्या.

पातळी आणि बोनस

सारीपाटात आधी पडलेल्या दानामुळे सोंगटी पुढे सरकते, परंतु तिचे बळ वाढत नाही. पुढचे दान सर्वांना सारखेच असते. गायगॅक्स यांच्या खेळात मात्र पूर्वीच्या पराक्रमाचा लाभ पात्रास पुढील प्रत्येक फाशात मिळतो. राक्षस मारल्याबद्दल व खजिना आणल्याबद्दल मिळणारे अनुभवगुण साठले की पातळी वाढते.

ही वाढ अनिर्बंध नव्हती. योद्ध्यास दुसऱ्या पातळीसाठी २,०००, तिसऱ्यासाठी ४,०००, चौथ्यासाठी ८,००० असे जवळजवळ दुप्पट होत जाणारे अनुभवगुण लागत. नवव्या पातळीस २,४०,००० गुण लागत व त्यापुढे प्रत्येक पातळीस १,२०,००० गुणांची भर पडे. किंमत दुप्पट होत असली तरी बळ दुप्पट होत नसे. वीस बाजूंच्या फाशावर पूर्ण चिलखत व ढाल असलेल्या शत्रूस मारण्यासाठी पहिल्या तीन पातळ्यांच्या योद्ध्यास किमान १७, चौथी ते सहावी पातळी असल्यास १५, तर सातवी ते नववी असल्यास १२ पडावे लागत. म्हणजे यशाची शक्यता अनुक्रमे २०, ३० व ४५ टक्के होई.

हा बोनस वर्गानुसारही बदले. योद्ध्याची सुधारणा दर तीन पातळ्यांनी, धर्मगुरूची चारांनी, तर जादूगाराची पाचांनी होई. जादूगार शस्त्रात मागे राही, पण मंत्रांत पुढे जाई. त्यामुळे एकाच गटात प्रत्येकाची गरज टिकून राही. १९७७ ते १९७९ या काळात आलेल्या प्रगत आवृत्तीत गायगॅक्स यांनी योद्ध्याची सुधारणा दर दोन पातळ्यांवर आणली. मात्र नवव्या पातळीनंतर त्याच्या प्राणगुणांची वाढ फाशाऐवजी ठरावीक तीनवर रोखली.

वाद व कंपनीचा त्याग

प्रगत आवृत्तीवर केवळ गायगॅक्स यांचे नाव असल्याने आर्नेसन यांनी १९७९ मध्ये दावा दाखल केला. १९८१ मध्ये त्यात तडजोड झाली. पातळी व अनुभव यांची मूळ कल्पना आर्नेसन यांच्या खेळातील आणि तिला नियमांचे लिखित रूप देणारे गायगॅक्स, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते. ऑक्टोबर १९८५ मध्ये कंपनीचे नियंत्रण लॉरेन विल्यम्स यांच्याकडे गेले. न्यायालयातही अपयश आल्यावर गायगॅक्स कंपनीतून बाहेर पडले. ज्या खेळाने त्यांना नाव दिले, त्याच्या पुढील आवृत्त्यांवर त्यांचा अधिकार उरला नाही.

उत्तरकाळ व प्रभाव

त्यांनी पुढे डेंजरस जर्नीज (१९९२) व लेजंडरी ॲडव्हेंचर (१९९९) हे खेळ रचले. लेक जिनिव्हा येथील राहत्या घरी वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांची कोष्टके नंतर सूत्रांत रूपांतरित झाली. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत योद्ध्यास प्रत्येक पातळीस एक असा बोनस मिळू लागला. त्यामुळे विसाव्या पातळीस बोनस फाशाइतकाच मोठा झाला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत सर्व वर्गांसाठी प्रावीण्य बोनस पहिल्या पातळीस दोन व सतराव्या पातळीपासून सहा असा मर्यादित करण्यात आला. अनुभवी पात्र बलवान असावे, पण फाशाचे महत्त्व संपू नये, हा १९७४ च्या कोष्टकांतील तोल त्यामुळे वेगळ्या मार्गाने पुन्हा साधला गेला. संगणकीय खेळांतील पातळ्या व अनुभवगुणांची पद्धतही याच परंपरेतून आली आहे.