लंडनमध्ये जळालेला अजिंठा आणि भुसावळच्या मातीत झोपलेला मेजर गिल

साल १८६० च्या आसपासचं. लंडनमधला एखादा कारकून सुट्टीच्या दिवशी बायको-पोरांना घेऊन रेल्वेत बसायचा आणि सिडनहॅमला उतरायचा. एका शिलिंगचं तिकीट काढलं की समोर क्रिस्टल पॅलेस. लोखंड आणि काचेची अवाढव्य इमारत.

आत गेलं की एका दिवसात अर्धं जग बघून व्हायचं. एका दालनात युरोपातल्या जुन्या चर्चच्या कमानी आणि दरवाजे, दुसऱ्यात इटलीतली रेनेसान्स काळातली शिल्पं. सगळ्या प्रतिकृतीच. पण ज्यांना फ्लॉरेन्सला जाणं परवडत नव्हतं, त्यांच्यासाठी हीच इटली होती.

याच इमारतीत भारतातली काही मोठी तैलचित्रं लावली होती. त्यात राजे होते, राण्या होत्या, हत्ती होते आणि बोधिसत्त्व होते. आपल्या जळगावपासून साधारण ६० किलोमीटरवर असलेला अजिंठा तिथे लंडनच्या भिंतीवर होता.

तो तिथवर पोहोचवणाऱ्या माणसाचं नाव रॉबर्ट गिल.

कॅप्टन साहेबांना मिळालेली ड्युटी

गिलचा जन्म १८०४ चा. तरुणपणीच तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास आर्मीत भरती झाला. फौजेत असला तरी त्याचा हात चित्रकाराचा होता.

त्याच्या आधी १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या खोऱ्यात आला आणि त्याला ही लेणी दिसली. बातमी पसरली, बघणारे येऊ लागले. काहींनी आठवण म्हणून चित्रांचे तुकडे खरवडून नेले. वटवाघळं, ओल आणि धूर यांचं काम सुरूच होतं.

पुढे जेम्स फर्ग्युसन या अभ्यासकाने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीचं लक्ष याकडे वेधलं. ही चित्रं संपायच्या आत त्यांच्या प्रती काढा, अशी मागणी कंपनीकडे गेली. १८४४ मध्ये हे काम गिलला मिळालं.

अजिंठ्यातली वर्षं

गिलने निजामाच्या राज्यातल्या अजिंठा गावातल्या बारादरीत मुक्काम ठोकला. लेणी तिथून खाली घाटात. जंगलात वाघ, लेण्यांत मधमाश्या, उन्हाळ्यात खानदेशातलं ऊन आणि पावसाळ्यात ताप.

काम किती अवघड होतं, हे समजायला त्या भिंती समजून घ्याव्या लागतील. इटलीत मायकेलअँजेलोने सिस्टीन चॅपेलचं छत रंगवलं ते ओल्या चुन्यावर. रंग चुन्यातच मुरतो आणि पक्का होतो. अजिंठ्याच्या कलाकारांनी त्याच्या हजारेक वर्षं आधी दगडावर माती-भुशाचा गिलावा चढवला, त्यावर चुन्याचा पातळ थर दिला आणि तो सुकल्यावर रंग लावला. त्यामुळे गिलावा सुटला की चित्रही पडतं.

अशा पापुद्रे सुटलेल्या भिंतींसमोर, अंधाऱ्या लेण्यांत बसून गिलने १८६३ पर्यंत काम केलं. कॅनव्हासवर तैलरंगात २७ मोठ्या प्रती तयार केल्या आणि त्या लंडनला गेल्या.

याच काळात त्याच्या आयुष्यात पारो आली. अजिंठा गावात तिची कबर आहे. त्यावर तिचं नाव आहे आणि २३ मे १८५६ ही मृत्यूची तारीख. गिलनेच तो दगड बसवला. ना. धों. महानोरांची 'अजिंठा' ही दीर्घ कविता आणि २०१२ मध्ये आलेला नितीन देसाईंचा सिनेमा यांनी ही गोष्ट घराघरात नेली. पण पारोचा पुरावा म्हणून उरलाय तो हाच दगड.

३० डिसेंबर १८६६

त्या दिवशी क्रिस्टल पॅलेसच्या उत्तरेकडच्या भागाला आग लागली. तिथे लावलेल्या गिलच्या प्रती जळून गेल्या. जवळपास वीस वर्षांची मेहनत एका दिवसात राख. वाचल्या त्या फक्त चार-पाच. आज त्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहेत.

सुदैवाने गिल तोवर कॅमेराही वापरायला लागला होता. लेण्यांचे त्याने काढलेले फोटो १८६४ मध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकरूपाने छापून आले होते. ते टिकले.

किस्सा इथे संपत नाही. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा प्रती काढल्या. त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. शिवाय रंग उठून दिसावेत म्हणून प्रती काढताना मूळ चित्रांवर वार्निश फासलं गेलं. ते पुढे पिवळं पडलं. शेवटी १९२० मध्ये निजाम सरकारने चित्रं वाचवायला इटलीहूनच तज्ज्ञ बोलावले.

भुसावळची कबर

गिल मात्र विलायतेला परतला नाही. १० एप्रिल १८७९ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी तो वारला. भुसावळच्या ख्रिश्चन दफनभूमीत त्याला पुरलं.

पुढच्या वेळी अजिंठ्याला गेलात तर २६ नंबरच्या लेण्यात थोडं थांबा. दोन बाजूंना खांबांच्या रांगा, मधून लांब मोकळी वाट आणि टोकाला अर्धगोल. जुन्या चर्चची रचना अशीच असते. फक्त चर्चमध्ये वेदी असते तिथे इथे स्तूप आहे. मग १ नंबरच्या लेण्यात जाऊन पद्मपाणी बघा. दोन्ही वेळा प्रती जळाल्या, पण हे मूळ चित्र अजून जागेवर आहे. त्याच्यावर कॅमेऱ्याचा फ्लॅश मारू नका.

आणि येताना वाट वाकडी करून भुसावळला जाता आलं, तर त्या मेजरच्या कबरीवर एक फूल ठेवा.