वाटाण्याच्या बागेतील धर्मगुरू

आईबापांचे डोळे काळे, मग बाळाला आजीचे घारे डोळे कुठून आले? या कोड्याची उकल ऑगस्टिनियन धर्मगुरू ग्रेगोर मेंडेल यांनी सुरू केली. त्यांचा जन्म १८२२ साली शेतकरी कुटुंबात झाला. शिक्षणासाठी धाकट्या बहिणीने हुंड्यातला वाटा दिला. शिक्षकाच्या परीक्षेत ते नापास झाले. तरी ब्रनो येथील मठाच्या बागेत १८५६ पासून आठ वर्षे त्यांनी वाटाण्याची हजारो रोपे तपासली. गुणाचे घटक जोडीने असतात. बीजपेशी बनताना जोडी फुटते व आईवडिलांकडून एकेकच घटक अपत्याला मिळतो. दबलेला गुण नष्ट होत नाही. १८६६ साली निबंध छापला. फारशी दखल कुणी घेतली नाही. १८८४ साली ते निवर्तले. १९०० साली तीन शास्त्रज्ञांना तेच नियम आढळले. लवकरच पेशीविभाजनात वेगळ्या होणाऱ्या गुणसूत्रांशी त्यांचा मेळ बसला. पेरणाऱ्याला पीक दिसले नाही, पण बी वाया गेले नाही.