न्यूनत्वातून सामर्थ्याकडे : आल्फ्रेड ॲडलर

‘न्यूनगंड’ हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की तो मानसशास्त्रातून आला, याची आठवणही सहसा कुणाला होत नाही. परीक्षेत मागे पडणारा विद्यार्थी, चारचौघांत बोलताना अडखळणारा तरुण, शेजाऱ्याच्या ऐश्वर्याने खंतावणारा गृहस्थ, अशा साऱ्यांविषयी बोलताना आपण तो सहज वापरतो. या शब्दामागची कल्पना जगभर पोहोचविली ती व्हिएन्नाचे डॉक्टर आल्फ्रेड ॲडलर यांनी. मात्र तिचा अर्धाच भाग लोकांच्या लक्षात राहिला. स्वतःच्या उणिवेची जाणीव हा ॲडलर यांच्या लेखी आजार नव्हता. माणसाची सारी धडपड तिथूनच सुरू होते, असे ते मानीत. त्या जाणिवेपुढे माणूस हिंमत हरतो तेव्हा आजार सुरू होतो आणि हरवलेली हिंमत परत मिळवून देणे हाच उपचार होय, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता.

हा विचार त्यांना प्रथम ग्रंथांतून मिळाला नाही. ७ फेब्रुवारी १८७० रोजी व्हिएन्नालगतच्या रुडॉल्फ्सहाइम येथे एका ज्यू धान्यव्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. मुडदुसामुळे त्यांना चालायला उशीर झाला. थोरला भाऊ अंगणात धावत-खेळत असे आणि आल्फ्रेड पाय बांधलेल्या अवस्थेत बसून त्याच्याकडे पाहत राही. धाकटा भाऊ घटसर्पाने दगावला, तोही त्यांच्या शेजारच्या बिछान्यात. पुढे त्यांनाच न्यूमोनिया झाला आणि डॉक्टरांनी वडिलांना आशा सोडायला सांगितले. मुलगा वाचला. मृत्यूशी झुंजायचे तर आपणच डॉक्टर व्हावे, अशी खूणगाठ त्याने तेव्हाच मनाशी बांधली. शाळेत गणित कच्चे म्हणून या मुलाला जोडे शिवण्याच्या धंद्याला लावा, असा सल्ला शिक्षकांनी दिला. वडिलांनी तो मानला नाही आणि काही काळाने आल्फ्रेड याच विषयात वर्गाच्या पुढे गेला. कुवत जन्मजात ठरलेली असते या समजुतीवरचा त्यांचा विश्वास उडाला तो कायमचाच.

१८९५ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन त्यांनी प्रथम नेत्ररोगांवर आणि नंतर सर्वसाधारण रोगांवर उपचार सुरू केले. १८९७ मध्ये रशियन समाजवादी विचारांच्या रईसा एपस्टाइन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. शिवणकाम करणाऱ्या कारागिरांच्या आरोग्यावर १८९८ मध्ये त्यांनी लिहिलेल्या पुस्तिकेत रोगाचे मूळ कोंदट खोल्यांत आणि कामाच्या अवाजवी तासांतही शोधलेले दिसते. त्यांचा दवाखाना प्राटर या प्रसिद्ध करमणूक उद्यानाजवळ होता. तिथले कसरतपटू आणि कलावंत उपचारांसाठी येत. त्यांच्यापैकी अनेकांचे बालपण दुबळ्या शरीराशी झगडण्यात गेले होते आणि त्या झगड्यातूनच त्यांचे कौशल्य घडले होते. १९०७ मध्ये ॲडलर यांनी इंद्रियांच्या न्यूनत्वावर प्रबंध प्रसिद्ध केला. एखादे इंद्रिय कमजोर असेल तर शरीर आणि मन त्याची भरपाई करू पाहतात, असे त्यांनी त्यात मांडले. अडखळत बोलणारा डेमॉस्थेनिस ग्रीसचा श्रेष्ठ वक्ता झाला, हे त्याचे ठळक उदाहरण.

दरम्यान १९०२ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी आपल्या घरी भरणाऱ्या बुधवारच्या बैठकांना त्यांना बोलावले होते. १९१० मध्ये ॲडलर व्हिएन्नाच्या मनोविश्लेषण संस्थेचे अध्यक्षही झाले. परंतु मतभेद वाढत गेले. फ्रॉइड माणसाच्या वर्तनाचे कारण दडपलेल्या लैंगिक प्रेरणांत शोधीत, तर माणूस कोणते ध्येय गाठू पाहतो आहे, हे ॲडलर विचारीत. १९११ मध्ये ते काही सहकाऱ्यांसह बाहेर पडले आणि त्यांनी ‘व्यक्तिमानसशास्त्र’ या नावाने स्वतंत्र संप्रदाय उभारला. त्यांची उपचारपद्धतीही वेगळी होती. रुग्णाला पलंगावर निजवून स्वतः त्याच्यामागे बसण्याऐवजी ते त्याच्यासमोर बरोबरीच्या नात्याने बसत. लहानपणीच्या पहिल्या आठवणी विचारीत, घरातील भावंडांमधले त्याचे स्थान समजून घेत आणि त्यावरून जगाकडे पाहण्याची त्याची रीत जाणून घेत. विषण्ण रुग्णांना ते एक साधा प्रयोग सुचवीत: चौदा दिवस रोज एका तरी माणसाला आनंद कसा देता येईल, याचा विचार करा. स्वतःभोवती फिरणारे मन त्यामुळे बाहेर वळते, असा त्यांचा अनुभव होता.

पहिल्या महायुद्धाने या विचाराला नवे वळण दिले. लष्करी डॉक्टर म्हणून ॲडलर यांच्यापुढे मनाने खचलेले सैनिक येत. ते पुन्हा आघाडीवर जाण्यास योग्य आहेत की नाहीत, याचा निर्णय त्यांना द्यावा लागे. बऱ्या केलेल्या माणसाला मरणाच्या तोंडी धाडणे हा या कामाचा अर्थ होता आणि त्याने त्यांची झोप उडविली. सामर्थ्य वाढविणे एवढेच पुरेसे नाही, ते कशासाठी वापरले जाते हा प्रश्न त्याहून मोठा आहे, हे त्यांना तीव्रतेने जाणवले. युद्धानंतर त्यांच्या लेखनात समष्टिभावना, म्हणजे इतरांविषयीची आस्था आणि सहकार्याची वृत्ती, हा मानसिक आरोग्याचा मुख्य निकष झाला. इतरांना खाली ढकलून मिळविलेले मोठेपण हा त्यांच्या मते न्यूनगंडाचाच मुखवटा होता.

पराभूत, भुकेल्या व्हिएन्नामध्ये त्यांनी या विचाराला कृतीची जोड दिली. समाजवादी नगरशासनाच्या शिक्षणसुधारणांच्या काळात शाळांशी जोडलेली बालमार्गदर्शन केंद्रे सुरू झाली; त्यांची संख्या पुढे तीसच्या आसपास गेली. ‘वाया गेलेला’ असा शिक्का बसलेला मुलगा आई-वडिलांसह तिथे येई आणि शिक्षकांच्या देखत ॲडलर त्याच्याशी गप्पा मारीत. मुलाला शिक्षा केल्याने त्याची हिंमत आणखी खचते, त्याला जमेल असे एखादे काम त्याच्या हाती द्या, असे ते शिक्षकांना समजावीत. विद्यापीठाने १९१५ मध्येच त्यांना अध्यापनाचा अधिकार नाकारला होता. त्यांचे खरे विद्यापीठ या शाळांतच भरले.

१९३४ मध्ये ऑस्ट्रियात समाजवाद्यांचा बीमोड झाला, हुकूमशाही आली आणि ही केंद्रे बंद पडली. ॲडलर अमेरिकेत स्थायिक झाले. तिथे १९३२ पासून न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकवीतच होते. परंतु थोरली मुलगी व्हॅलेंटाइन सोव्हिएत रशियात गेली होती आणि १९३७ च्या सुरुवातीला स्टालिनच्या दमनसत्रात तिला अटक झाली. तिची पत्रे थांबली. आयुष्यभर इतरांना धीर देणारा हा माणूस मुलीच्या काळजीने पोखरला गेला; तरीही त्यांनी युरोपचा व्याख्यानदौरा रद्द केला नाही. २८ मे १९३७ रोजी स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहरात सकाळी फिरायला निघाले असता ते रस्त्यातच कोसळले आणि हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. व्हॅलेंटाइनही १९४२ मध्ये छळछावणीत मरण पावली.

ॲडलर यांचे सर्वच निष्कर्ष काळाच्या कसोटीवर उतरले असे नाही. भावंडांतील क्रमावरून स्वभाव ठरतो, या त्यांच्या मताला पुढील काळातील मोठ्या पाहण्यांत फारसा आधार मिळाला नाही. त्यांचे लेखनही विस्कळीत होते. अनेक पुस्तके व्याख्यानांच्या टिपणांतून तयार झाली. मात्र बीज रुजले होते. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या सहवासात आलेल्या तरुणांत अब्राहम मॅस्लो होते. मानसशास्त्राने माणसाच्या आजाराइतकेच त्याच्या सामर्थ्यांकडेही पाहावे, असा आग्रह धरून १९५४ मधील आपल्या ग्रंथात ‘सकारात्मक मानसशास्त्र’ हा शब्दप्रयोग त्यांनी केला. १९९८ मध्ये मार्टिन सेलिग्मन यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष असताना याच नावाने नवी चळवळ सुरू केली. स्वतःची बलस्थाने ओळखा आणि ती स्वतःहून मोठ्या कार्यासाठी वापरा, हे तिचे सूत्र ॲडलर यांच्या वाचकांना मुळीच परके वाटणार नाही.

ॲडलर यांचा रक्षाकलश अनेक दशके बेपत्ता मानला जात होता. २००७ मध्ये तो एडिंबरातील एका दहनगृहात सापडला आणि २०११ मध्ये व्हिएन्नाला नेण्यात आला. ज्या शहराने त्यांना विद्यापीठात जागा दिली नव्हती, त्याच शहरात अखेर त्यांना सन्मानाने चिरविश्रांती लाभली. आज समुपदेशनाच्या खोलीत कुणी रुग्णाच्या दोषांची यादी करण्याऐवजी त्याला काय जमते, हे आधी विचारतो, तेव्हा त्या प्रश्नामागे पाय बांधून अंगणात बसलेल्या त्या लहान मुलाचा अनुभव उभा असतो.